खारपाणपट्ट्यातील समुद्री टँक : पाणी किती दिवसांनी बदलावे?

वाचकाचे पत्र : दर्यापूर तालुक्यातील एका गावात माझे कृषी सेवा केंद्र असून मागेच घर आहे. दिवाळीनंतर नागपूरहून २०० लिटरचा फिश टँक, समुद्री मीठ व दगड आणले आणि पुढे त्यात दोन क्लाउनफिश व तीन डॅमसेल सोडले. दुकानदाराने दर आठवड्याला अर्धे पाणी बदलायला सांगितले होते. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत मात्र फिल्टर चांगला असेल तर वर्षभर पाण्याला हात लावू नका, असे सांगितले आहे. मी मधला मार्ग म्हणून महिन्यातून एकदा अर्धे पाणी बदलतो. उन्हाळा लागल्यापासून रोज दोन-तीन लिटर पाणी आटते. ते मीठ कालवलेल्या पाण्याने भरून काढतो. गेल्या आठवड्यापासून मासे धापा टाकतात आणि दाणे टाकले तरी वर येत नाहीत. आमच्या बोअरचे पाणी मुळातच खारे आहे. तेच वापरले तर मिठाचा खर्च वाचेल का? काढलेले पाणी नालीत ओतण्यापेक्षा परसातल्या झाडांना घाला, असे वडील म्हणतात. तेही योग्य आहे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वाळू आणि दगडांनी व्यापलेली जागा वजा केली, तर २०० लिटरच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी सुमारे १७० लिटर असते. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे साधारण १७ लिटर पाणी, दर आठवड्याला बदलावे. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरा दिवसांनी पाचवा हिस्सा बदलला तरी चालेल. पाच लहान मासे असलेल्या टँकला सुरुवातीला एवढे पुरते. मात्र आपले मासे आज धापा टाकत आहेत त्याचे कारण पाणी बदलण्याच्या या हिशेबात नसून रोज भरून काढल्या जाणाऱ्या त्या दोन-तीन लिटर पाण्यात आहे, असे पत्रावरून स्पष्ट दिसते. म्हणून आधी त्याकडे वळू.

टँकमधून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी असते आणि मीठ सगळे मागेच राहते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या प्रमाणाने आपल्या १७० लिटरमध्ये जवळजवळ सहा किलो क्षार आहेत. रोज तीन लिटर पाणी आटले आणि त्याच्या जागी तितकेच मिठाचे पाणी घातले, तर दहा दिवसांत एक किलोहून अधिक मीठ टँकमध्ये नव्याने जाते आणि पाण्याची पातळी तीच दिसत असूनही क्षारता ३५ वरून ४१ वर पोहोचते. समुद्रातला मासा आधीच शरीरातले पाणी सतत गमावत असतो, ते भरून काढण्यासाठी खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. क्षारता वाढली की त्याच्यावरचा हा भार वाढतो. त्यातच पाणी जितके गरम आणि जितके खारट, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. मे महिन्यातल्या वऱ्हाडात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मासे धापा टाकणारच.

तेव्हा आटलेले पाणी नेहमी बिनमिठाच्या, शुद्ध पाण्यानेच भरून काढावे आणि तेही रोज, शक्यतो सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे. काचेवर पातळीची खूण म्हणून बाहेरून एक चिकटपट्टी लावून ठेवली की घरातले कोणीही हे काम करू शकते. पाणी भरणे आणि पाणी बदलणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिले रोजचे आणि गोड्या पाण्याचे, तर दुसरे आठवड्याचे आणि तयार केलेल्या खाऱ्या पाण्याचे. आपण पहिल्या कामासाठी दुसऱ्याचे पाणी वापरत आला आहात.

आता चढलेली क्षारता उतरवायची आहे, पण घाई न करता. आधी ती मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे उपकरण) असेल तर तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या आणि दुपारी ४२-४३ अंशांच्या खोलीत त्याच्या आकड्यावर विसंबू नका, कारण या उपकरणांतली तापमानाची आपोआप होणारी दुरुस्ती सहसा १० ते ३० अंशांपुरतीच असते. पहाटे मोजलेले बरे. आकडा ४१ च्या आसपास आला, तर टँकमधले आठ लिटर पाणी काढून तेवढेच शुद्ध गोडे पाणी हळूहळू घाला. एवढ्याने क्षारता सुमारे दोनने उतरते. एक दिवस मध्ये सोडून हेच पुन्हा करा. तीन वेळांत आपण ३५ च्या जवळ याल. या काळात हवेचा पंप पूर्ण वेळ चालू ठेवावा आणि खाणे अगदी नावापुरते द्यावे. आठवडाभर कमी खाल्ल्याने निरोगी मासा मरत नाही, उलट न खाल्लेले दाणे तळाशी सडून मात्र मरू शकतो.

पाणी थंड राखण्यासाठी टँकवर टेबल पंखा सोडण्याची युक्ती चांगली आहे. त्याने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र आटही तितकीच वाढते, हे लक्षात ठेवून गोडे पाणी तयार ठेवावे. कूलर लावलेल्या बंद खोलीत हवा आधीच दमट असल्याने पंख्याचा परिणाम कमी जाणवेल. तिथे खिडकी थोडी उघडी ठेवावी. तापमान २५ ते २७ अंशांत राहिले तर उत्तम आणि २९ च्या वर जाऊ लागले तर झाकणबंद बाटलीत पाणी गोठवून ती बाटली तरंगत सोडावी. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत.

आता पाणी मुळात का बदलायचे ते पाहू, कारण ते कळले की किती दिवसांनी हा प्रश्न आपला आपण सोडवता येतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांपासून अमोनिया तयार होतो. दगड, वाळू आणि फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला नव्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे लागतात. आपला टँक तो टप्पा ओलांडून आलेला आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर राहतात, पण नायट्रेट मात्र साठत जाते, कारण साध्या फिल्टरमध्ये त्याला बाहेर जायला वाट नसते. ते बाहेर काढण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पाणी बदलणे. शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा सामू (पीएच) टिकवणारे क्षार हळूहळू खर्च होतात, तेही नव्या पाण्यातून भरून निघतात.

एक हिशेब मांडतो. समजा, आपल्या टँकमध्ये नायट्रेट दर आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढते. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत राहिलात तर ते वाढत वाढत ५० च्या आसपास जाऊन थांबेल. २० टक्के बदललेत तर २५ वर थांबेल. पंधरवड्याला २० टक्के बदलले तरीही ते ५० वरच जाईल. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की खाणे निम्मे केले, तर पाणी तेवढेच बदलूनही नायट्रेट निम्म्यावर येते. आपल्याकडे पाहुण्यासमोर ताट रिकामे दिसू नये अशी रीत आहे, ती टँकला लावू नये. दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरे. केवळ मासे असलेल्या टँकमध्ये नायट्रेट ४० च्या खाली राहिले तर समाधान मानावे आणि २० च्या खाली असेल तर फारच उत्तम. महिन्यातून दोनदा टेस्ट किटने ते मोजावे, किटवरची मुदत पाहावी आणि त्याच्या बाटल्या उन्हाच्या झळा लागणाऱ्या खिडकीत ठेवू नयेत. आकडा चढत असेल तर आधी खाणे कमी करावे आणि तरीही चढत राहिला तर आठवड्याचा हिस्सा १० वरून १५ किंवा २० टक्के करावा.

आपल्या महिन्याला अर्धे पाणी बदलण्याच्या पद्धतीबाबत न्यायाने बोलायचे, तर याच हिशेबात तिचे नायट्रेट ४० वर चढून २० वर उतरते, म्हणजे निव्वळ आकड्यांत ती वाईट ठरत नाही. तिचा दोष वेगळा आहे. एका बैठकीत ८५ लिटर पाणी बदलताना तापमान, क्षारता आणि सामू या तिन्ही गोष्टी अचानक सरकतात. त्यातही महिनाभरात जुन्या पाण्याचा सामू उतरलेला असेल आणि त्यात थोडा अमोनिया असेल, तर नव्या पाण्याने सामू वर जाताच तोच अमोनिया अधिक विषारी रूपात येतो. पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी मासे मेल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हेच असते आणि दोष मात्र मिठाच्या पिशवीला दिला जातो. दर आठवड्याला अर्धे पाणी बदलण्याच्या सल्ल्यात असा मोठा बदल महिन्यातून चारदा होतो आणि महिन्याला १२ किलोच्या वर मीठ लागते. मीठ विकणाऱ्याच्या दृष्टीने तो सल्ला उत्तम आहे. आठवड्याला १७ लिटरच्या हिशेबाने महिन्याला अडीच किलोच्या आसपास मीठ पुरते. वर्षभर पाण्याला हात न लावणारे लोकही आहेत, पण ते पाण्याची रासायनिक तपासणी करून घटक मोजून घालतात आणि नायट्रेट शोषण्यासाठी वेगळ्या कप्प्यात शेवाळ वाढवतात. तो मार्ग पहिल्या वर्षी धरू नये.

आता बोअरच्या पाण्याविषयी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आणि त्रासाचा विषय आहे, त्यामुळे खारे ते खारेच, मग समुद्राच्या माशांना का चालू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण आकडे पाहा. आपल्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये, ३००० असला, तर तो पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील २००० या कमाल मर्यादेहून कितीतरी अधिक आहे आणि तरीही समुद्राच्या ३५००० च्या दहाव्या हिश्शालाही पोहोचत नाही. म्हणजे मिठाची बचत जेमतेम आठ-नऊ टक्के. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की समुद्राच्या पाण्यातले सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जगातल्या सर्व महासागरांत जवळजवळ सारखे असते आणि समुद्री मासे त्याच प्रमाणाला सरावलेले असतात. आपल्या भूजलातले क्षारांचे प्रमाण तसे नाही. त्यावर समुद्री मीठ घातले की मिठाच्या कारखान्याने जुळवलेले प्रमाणही बिघडते. शिवाय खतांच्या वापरामुळे शेतातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. समजा, बोअरमध्ये तेवढेच असेल, तर वरच्या हिशेबातले १० टक्के पाणी बदलूनही टँकमधले नायट्रेट ५० ऐवजी ९५ वर जाऊन थांबेल. जे काढण्यासाठी पाणी बदलायचे, तेच नव्या पाण्यातून आत येणार असेल तर बदलण्यात अर्थ काय?

लोणारच्या सरोवराचे पाणी चालेल का, असेही काही जण विचारतात. ते पाणी खारे असले तरी त्यात सोड्याचा अंश इतका आहे की त्याचा सामू १० च्या आसपास जातो. समुद्राचा सामू ८.१ ते ८.३ असतो. शिवाय ते सरोवर संरक्षित आहे. घरातल्या आयोडीनयुक्त मिठाचाही विचार करू नये, त्यात समुद्राचे इतर क्षार नसतात.

तेव्हा आरओचे पाणी घ्यावे लागेल. इथेही खारपाणपट्ट्याची एक अडचण आहे. आरओचा पडदा साधारण ९५ टक्के क्षार अडवतो असे धरले, तरी ३००० टीडीएसच्या पाण्यातून १५० चे पाणी बाहेर पडते. पिण्याला ते गोड लागते, पण टँकसाठी ते १० च्या खाली आणि केवळ मासे असतील तर फार तर ५० पर्यंत असावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांवरून येणाऱ्या नळयोजनेचे पाणी आपल्या गावी येत असेल, तर आरओला बोअरऐवजी ते द्या. मुळातला टीडीएस कमी असल्याने बाहेरचाही उतरेल. ती सोय नसेल तर आरओचे पाणी पुन्हा एकदा आरओतून काढावे किंवा पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी. घरच्या यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, तो बंद करून घ्यावा. गावातल्या आरओ प्लांटवरून कॅन आणत असाल तर प्रत्येक वेळी मीटर बुडवून पाहावा, कारण पडदा जुना झाला की आकडा गुपचूप वर जातो. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते; त्यातला क्लोरीन माशांना आणि आरओच्या पडद्यालाही घातक असल्याने यंत्रातला कार्बन फिल्टर वेळेवर बदलणे आवश्यक आहे.

पाणी कालवण्याच्या भांड्याविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण कृषी केंद्र म्हटले की रिकामे ड्रम हाताशी असणार, म्हणून ही सूचना. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये. प्लास्टिक ते औषध मुरवून घेते आणि पऱ्हाटीवरच्या अळीला मारणारे औषध त्याच्या अगदी सूक्ष्म अंशानेही मासे आणि कोळंबी मारू शकते. त्याच कारणाने दुकानातून उठून थेट टँकमध्ये हात घालू नये; साबणाने धुऊन, मग साध्या पाण्याने खळखळून घ्यावेत. तांब्या-पितळेचे गुंडही नकोत, खाऱ्या पाण्यात त्यांतले तांबे उतरते. खाण्याच्या वस्तूंसाठीचा नवा, झाकणाचा प्लास्टिक ड्रम केवळ या कामासाठी राखून ठेवावा.

ड्रममध्ये आधी पाणी घेऊन त्यात मीठ हळूहळू सोडावे. मिठावर पाणी ओतल्यास काही क्षार गोळा होऊन पुन्हा विरघळत नाहीत. लिटरला ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ लागते, पण निर्णय वजनावर न सोडता मोजून करावा. लहान पंप रात्रभर चालवून पाणी घुसळत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी क्षारता व तापमान टँकशी जुळल्यावरच ते वापरावे. मे महिन्यात छतावरच्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते आणि पौषात तेच बर्फासारखे गार असते, त्यामुळे हंगाम कोणताही असला तरी ड्रम घरात आणि सावलीतच असावा.

पाणी बदलायच्या दिवशी आधी पंप बंद करावा, हीटर असेल तर तोही. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापता हीटर तडकतो. नळीने पाणी ओढताना ते वरून न घेता वाळूतला गाळ उचलत घ्यावे, कारण नायट्रेटचे मूळ त्याच गाळात आहे. एका आठवड्याला डावी बाजू आणि पुढच्या आठवड्याला उजवी, असे केले तर जिवाणूंची वस्ती एकदम विस्कटत नाही. नवे पाणी बारीक धारेने आत सोडावे. फिल्टरचा स्पंज धुवायचा असल्यास काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा. आपल्याकडे नळ रोज येत नसेल तर नळाच्या दिवशी आरओ भरावा, त्या रात्री मीठ कालवावे आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलावे; असा क्रम लागला की तो चुकत नाही.

ठरलेला दिवस न पाहता पाणी बदलण्याचे प्रसंग थोडे आहेत. अमोनिया शून्याच्या वर दिसला, एखादा मासा दगडाआड मरून सडला किंवा कोणी मुलाने खाण्याचा डबा आत पालथा केला, तर त्याच दिवशी २५ टक्के आणि गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच बदलावे. गावात डासांसाठी धूरफवारणी होणार असेल तर टँक ओल्या कपड्याने झाकून हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. धूर आत गेलाच तर पाणी बदलून फिल्टरमध्ये ताजा कार्बन घालावा. वादळात रात्रभर वीज गेली तर मात्र पाणी बदलण्यापेक्षा बॅटरीवरचा हवेचा पंप अधिक उपयोगी पडतो.

राहिला वडिलांचा प्रश्न. गोड्या पाण्याच्या टँकमधले पाणी झाडांना खतासारखे लागू पडते, त्यामुळे त्यांचे म्हणणे मुळात खोटे नाही. परंतु या टँकमधल्या १७ लिटर पाण्यात सहाशे ग्रॅम मीठ असते. ते परसातल्या वांग्यांना घातले तर वांगी जळतीलच, शिवाय आपली काळी चोपण जमीन सोडियमने आणखी घट्ट होईल, आणि खारपाणपट्ट्यातल्या जमिनीला ते वेगळे सांगायला नको. हे पाणी विहिरीपासून आणि झाडांपासून दूर, सांडपाण्याच्या नालीतच सोडावे. आरओतून वाया जाणारे पाणीही बोअरहून अधिक खारे असते, तेही झाडांना न घालता ओटा आणि अंगण धुण्यासाठी वापरावे.